मशीन एकदाच, पट्टी कायमची: घरी शुगर तपासायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

मे महिन्यात दुपारी आईचा रत्नागिरीहून फोन आला. "अगं, २८६ आली!" जेवून दोन तास झाले होते. जेवणात भाकरी, पडवळाची भाजी आणि आमटी, म्हणजे रोजचंच. एरवी तिची जेवणानंतरची साखर दीडशे-एकशे साठच्या आसपास असते. गोळी चुकली का, ताप आहे का, सगळं विचारून झालं. मग विचारलं, मशीन हातात घेण्याआधी काय करत होतीस?

"काही नाही गं, पोरांना आंबे कापून देत होते."

"हात धुतलेस?"

"फडक्याला पुसले की."

साबणाने हात धुऊन, कोरडे करून, दुसऱ्या बोटातून पुन्हा तपासायला सांगितलं. १५१ आली. आधीच्या वेळी मशीनने बोटावरचा हापूस मोजला होता. दोन पट्ट्या (दर तपासणीला मशीनमध्ये नवी घालावी लागते ती) गेल्या, म्हणजे चाळीसेक रुपये, आणि तेवढ्यात तिने घाबरून माझ्या धाकट्या भावाला ऑफिसातून बोलावून घेतलं होतं ते वेगळंच.

घरी शुगर तपासणं अवघड नाही. पण मशीनच्या डब्यातल्या घडीच्या कागदावर जे बारीक अक्षरात असतं आणि मेडिकलवाला गर्दीत जे सांगत नाही, त्यातच पैसे जातात. आमचे गेले, तुमचे थोडे कमी जावेत.

मशीन घेण्याआधी: किती वेळा टोचायचं ते ठरवा

हा प्रश्न मेडिकलमध्ये नाही, डॉक्टरांच्या खोलीत विचारायचा. चिठ्ठीवर नुसतं 'शुगर चेक करत राहा' लिहिलं असेल तर तिथेच थांबून विचारा: आठवड्यातून किती वेळा, कुठल्या वेळी, आणि आकडा किती आला तर तुम्हाला कळवायचं?

उत्तर औषधावर अवलंबून असतं. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतःचं इन्शुलिन जवळपास बनवतच नाही) असेल किंवा दिवसातून अनेकदा इन्शुलिन घ्यावं लागत असेल, तर रोज चार किंवा त्याहून जास्त तपासण्या लागतात. तिथे काटकसर करू नका. नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर साखर धोकादायक खाली जाणं दुर्मीळ आहे, त्यामुळे रोज टोचायचं कारण बहुतेकदा नसतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर मात्र साखर 'लो' होऊ शकते, म्हणून चक्कर, घाम, थरथर वाटली की तपासायला घरात मशीन हवंच. गरोदरपणातल्या मधुमेहाचं गणित आणखी कडक: सामान्यतः उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४० च्या आत किंवा दोन तासांनी १२० च्या आत. तिथे डॉक्टर देतील तेच वेळापत्रक पाळायचं.

आमच्याकडे पहिले दोन महिने आई रोज सकाळी उठल्या उठल्या तपासायची. १३२, १२८, १३५, १३०. साठ पट्ट्या खर्चून एकच गोष्ट साठ वेळा कळली. नाश्त्याच्या पोह्यांनी काय होतं हे मात्र एकदाही कळलं नाही, कारण त्या वेळेला ती कधी तपासतच नव्हती.

मशीन निवडताना पट्टीची किंमत आधी विचारा

मशीन पाचशेपासून दीड हजारापर्यंत मिळतं. आरोग्य शिबिरात कधी फुकटही देतात. आम्हाला पहिलं मशीन असंच मिळालं, सोबत दहा पट्ट्या. अकरावी पट्टी आणायला गेलो तर गावातल्या तिन्ही मेडिकलमध्ये ती नाही. ऑनलाइन मागवली, वर्षभर चालवलं, मग त्या पट्ट्या यायच्याच बंद झाल्या. मशीन अजून कपाटात आहे, चालूसुद्धा होतं. दुसऱ्या कंपनीची पट्टी त्यात चालत नाही, आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची चालेलच असंही नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर मशीनकडे बघायच्या आधी विचारा: याच्या पट्ट्या तुमच्याकडे कायम असतात का? २५ ची डबी केवढ्याला, ५० ची केवढ्याला? आजघडीला साधारण दहा रुपयांपासून पंचवीस रुपयांपर्यंत एक पट्टी पडते. दिवसाला चार म्हटलं आणि वीसचा भाव धरला, तर महिन्याला २,४०० रुपये. मशीनवर मिळालेली चारशेची सूट आठवडाभरात विसरायला होते.

बिल नीट बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर (म्हणजे हेच मशीन) आणि पट्ट्या या दोन्हींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याआधी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ग्लुकोमीटरसह पाच उपकरणांच्या व्यापारी नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती. छापील किमतीवर घासाघीस करायला संकोचू नका, मशीनवर ती कमी होतेच. पट्ट्यांवर तेवढी होत नाही, पण दर महिन्याचं गिऱ्हाईक म्हटल्यावर दहा टक्के सहसा सुटतात. जवळ जनऔषधी केंद्र असेल तर तिथेही चौकशी करून ठेवा.

मशीनवर युनिट 'एमजी/डीएल' (mg/dL, म्हणजे शंभर मिलीलीटर रक्तात किती मिलीग्रॅम साखर) आहे ना, तेवढं पाहा. लंडनहून आलेल्या भाच्याने भेट दिलेलं मशीन ७.८ असा आकडा दाखवतं आणि घरात गोंधळ उडतो. तिथलं युनिट वेगळं, त्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो: १४०. पण रोज गुणाकार करत बसण्यात अर्थ नाही, आणि त्या मॉडेलच्या पट्ट्या इथे मिळतील याची खात्री काय?

मनगटावरचं घड्याळ किंवा बोटातली अंगठी न टोचता साखर सांगते, अशा जाहिराती आल्या तर पुढे सरका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळ-अंगठ्यांपासून लोकांना स्पष्ट सावध केलं होतं.

डबी उघडली की घड्याळ सुरू होतं

लपलेला खर्च सगळ्यात जास्त इथे आहे, म्हणून जरा थांबते.

पट्टीच्या टोकाला एंझाइमचा (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचा) पातळ थर असतो. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होते, त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि मशीन तो मोजून आकडा दाखवतं. बहुतेक मशीन याच तत्त्वावर चालतात. हा एंझाइम नाजूक. दमट हवा, ऊन, ओला हात, काहीही त्याला पुरतं. म्हणून डबीच्या आत ओल शोषणारा पदार्थ असतो आणि झाकण 'टक' वाजेपर्यंत दाबायचं असतं.

डबीवर दोन तारखा वाचायच्या. एक छापलेली एक्स्पायरी. दुसरी छापलेली नसते, ती आपण लिहायची: उघडल्याची तारीख. बऱ्याच कंपन्यांच्या पट्ट्या डबी उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवायच्या असतात, काहींच्या सहा महिन्यांत, काहींच्या छापील तारखेपर्यंत चालतात. तुमच्या डबीचं काय ते तिच्या कागदावर असतं.

आता हिशोब करा. तुम्ही आठवड्याला दोनदा तपासता, म्हणजे महिन्याला आठ. 'मोठी डबी स्वस्त पडते' म्हणून ५० ची हजार रुपयांना घेतली. तीन महिन्यांत वापरल्या २४. उरलेल्या २६ बाद. म्हणजे पट्टी वीसची नाही, जवळपास ४२ रुपयांची पडली. तीच २५ ची डबी सहाशेला घेतली असती, तर दुकानात महाग दिसून घरात २५ ला पडली असती. काही कंपन्या एकेक पट्टी वेगळ्या पाकिटात देतात. फारच क्वचित तपासणाऱ्याला ती परवडते.

ऑनलाइन भरमसाट सूट दिसली की आधी एक्स्पायरी विचारा. दोन-तीन महिन्यांवर आलेला माल असाच काढतात. आणि विदर्भात राहत असाल तर एप्रिल-मेमध्ये कुरिअरने मागवू नका. पट्ट्या साधारण ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आणि चंद्रपूरच्या दुपारी स्कूटरच्या डिकीत त्या किती भाजतात ते कुणी मोजत नाही. मशीनलाही मर्यादा असते. बऱ्याच मशीनवर ४०-४५ अंशांपुढे थर्मामीटरचं चित्र येतं आणि ते तपासायला नकार देतं. तेव्हा बिघडलं म्हणून दुरुस्तीला न्यायचं नाही, थंड खोलीत अर्धा तास ठेवायचं.

कोकणात उलटा त्रास. जुलै-ऑगस्टमध्ये मीठसुद्धा पाणी सुटून बसतं, तिथे पट्टीचं काय! आईने एकदा 'सारखं झाकण कोण उघडणार' म्हणून पाच-सहा पट्ट्या काढून औषधांच्या डब्यात सुट्या ठेवल्या होत्या. त्यांतल्या दोन पट्ट्यांनी एरर दाखवला आणि तिसरीने असा आकडा दिला की त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. फ्रिजमध्येही ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. डबी देवघराजवळच्या कपाटात, गॅसपासून आणि न्हाणीघरापासून लांब.

टोचायची पद्धत

हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. कोमट पाण्याने धुतले तर थेंबही लवकर येतो. धुणं शक्यच नसेल, प्रवासात वगैरे, तर पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा घ्या. स्पिरिट लावलंत तर ते पूर्ण वाळू द्या.

आधी पट्टी मशीनमध्ये, मग सुई बोटात. नवखे उलट करतात, थेंब वाळतो आणि पुन्हा टोचावं लागतं.

मधलं किंवा अंगठीचं बोट घ्या, आणि बोटाच्या पेराच्या मधोमध नाही तर कडेला टोचा. तिथे दुखतं कमी, आणि भाकरी थापताना, भाजी चिरताना ती जागा टेकत नाही. रोज बोट बदला. टोचायच्या पेनवर खोलीचे आकडे असतात, दोनपासून सुरुवात करा. आईचे हात आयुष्यभर विळी आणि पाट्यावर घासलेले, तिला चार लागतो. मला एक पुरतो. सुईवर २८, ३० किंवा ३३ असा आकडा असतो, जितका मोठा तितकी सुई बारीक.

थेंब येत नसेल तर हात खाली सोडून थोडा हलवा. बोट पिळू नका, पिळल्याने रक्ताबरोबर पेशींमधलं पाणीही येतं आणि आकडा चुकू शकतो. थेंब पट्टीच्या कडेला नुसता टेकवा, पट्टी तो स्वतः ओढून घेते. कमी पडला म्हणून वरून दुसरा थेंब घातला की बहुतेक मशीनमध्ये ती पट्टी वाया गेलीच म्हणायचं.

सुई एकदाच वापरायची असते. सुटी गोल सुई दीड-दोन रुपयांना पडते, कंपनीच्या पेनची चार-पाच रुपयांना. घरोघर एक सुई आठवडाभर चालवतात हे मला माहीत आहे, आईही चालवायची. बोथट झाली की जास्त दुखते, आणि दुखलं की माणूस तपासणं टाळतो. पण एका बाबतीत अजिबात सवलत नाही: नवरा-बायको दोघांना शुगर असली तरी पेन आणि सुई वेगवेगळ्या. हिपॅटायटिस-बी ही कावीळ यातून पसरते. मशीन एक चालेल, पण दर वेळी पुसून.

आकडा आला, आता काय

पहिली गोष्ट: लगेच दुसरी पट्टी काढू नका. या मशीनसाठी आंतरराष्ट्रीय मानक २०१३ चं आहे. त्यानुसार शंभरातले ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असले, तर मशीन पास. साखर शंभरच्या खाली असेल तर १५ पॉइंट्सच्या आत. म्हणजे खरी साखर १६० असताना मशीनने १४० दाखवली किंवा १८० दाखवली, तरी ते बिघडलेलं नाही. मनासारखा आकडा येईपर्यंत तीन-तीन पट्ट्या जाळणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात.

पुन्हा तपासायचं कधी? आकडा आणि अंगातली लक्षणं जुळत नसतील तेव्हा, हात धुवायचे राहिले असतील तेव्हा, आणि मशीनवर 'हाय' अशी अक्षरं आली तर. बऱ्याच मशीनवर 'हाय' म्हणजे ६०० च्या वर आणि 'लो' म्हणजे २० च्या खाली. 'लो' आलं तर आधी साखर, तपासणी नंतर, ते पुढे सांगते. हात धुऊनही पुन्हा 'हाय' आलं तर आकड्यांची वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे.

साधारण उद्दिष्ट उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं धरतात. वयस्कर, एकटं राहणाऱ्या माणसाला डॉक्टर मुद्दाम थोडं सैल ठेवतात. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. लग्नाच्या पंगतीत या दोन्हींत पाऊण तासाचा फरक पडतो.

पट्ट्यांचा सगळ्यात चांगला उपयोग जोडीने होतो: एकच जेवण, त्याआधी एकदा, दोन तासांनी एकदा. सोमवारी पोहे, गुरुवारी मुगाचं धिरडं. आईला पोह्यांनी ७० ची उडी दिसली, धिरड्याने ३५ ची. चार पट्ट्या, ऐंशी रुपये. त्यानंतर तिला पोह्यांबद्दल कुणी काही सांगावं लागलं नाही, तिने स्वतःच वाटीचा आकार बदलला आणि शेंगदाणे वाढवले. उपवासाच्या दिवशीही एकदा हे करून पाहा. साबुदाण्याची खिचडी काय करते ते कळेल. आणि गोळी घेऊन निर्जळी करणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरूच नये.

वहीत नुसते आकडे लिहू नका. आमची एक ओळ अशी असते: 'बुध, सकाळी ७, उपाशी, १४८, रात्री बारशाचं जेवण, झोप कमी.' डॉक्टरांना वाचायला दोन मिनिटं असतात, त्यात आकड्याशेजारचे हे चार शब्दच कामाला येतात. मशीनच्या मेमरीत सगळं असतं म्हणणाऱ्यांनी आधी मशीनची तारीख-वेळ बरोबर लावली आहे का ते बघावं. बॅटरी बदलली की काही मशीनची ती पुसली जाते.

मशीनची परीक्षा

सहा महिन्यांतून एकदा मशीन लॅबमध्ये सोबत न्या. उपाशीपोटी शिरेतून रक्त दिलं की लगेच तिथेच बोटातून तपासा आणि आकडा रिपोर्टशी ताडून पाहा. लॅबचा १४० असेल तर मशीनचा ११९ ते १६१ मध्ये कुठेही चालेल. ही तुलना जेवणानंतर करू नका, जेवल्यावर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते, आणि मग उगाच मशीनला नावं ठेवली जातात.

हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते कमी असलं की बरीच मशीन साखर खरीपेक्षा जास्त दाखवतात. या कमतरतेने, म्हणजे अॅनिमियाने, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही हलते. आपल्याकडच्या बायकांत हे किती सर्रास असतं, ते वेगळं सांगायला नको.

दंडावर चिकटवायचा, सतत साखर मोजणारा सेन्सर चौदा दिवस चालतो आणि चार-पाच हजारांना पडतो. इन्शुलिन घेणाऱ्याला, रात्री साखर घसरणाऱ्याला त्याचा खरा उपयोग. गोळ्यांवर स्थिर असलेल्याने वर्षातून एखादा लावला तर खूप शिकायला मिळतं, बारा महिने लावणं मला तरी उधळपट्टी वाटते.

मशीनशेजारी साखरेची पुडी

आकडा ७० च्या खाली आला, तर पुन्हा तपासत बसायचं नाही. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची. पंधरा मिनिटांनी एक पट्टी. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की काहीतरी पोटभरीचं खायचं. माणूस बेशुद्ध होत असेल, तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा. या वेळेसाठी डबीत चार-पाच पट्ट्या कायम शिल्लक हव्यात. 'उद्या आणू' म्हणत डबी रिकामी ठेवायची नाही. मशीनचा बटण-सेल कुठल्या नंबरचा ते पाहून एक जादा घरात असू द्या, तो रात्री अकरालाच संपतो.

वापरलेल्या सुया

२०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात मोडत होत्या. ओला-सुका यांपैकी कशातच त्या टाकायच्या नाहीत. संडास साफ करायच्या द्रावणाची जाड प्लॅस्टिकची बाटली रिकामी झाली की धुऊन घ्या, त्यावर मार्करने 'सुया' लिहा आणि पट्ट्याही त्यातच टाका. भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून ओळखीच्या दवाखान्यात द्या, त्यांच्याकडे असा कचरा नेणारी गाडी येते. एक-दोन दवाखाने नाही म्हणतील, तिसरा घेतो. आमच्या इमारतीत कचरा वेगळा करणाऱ्या ताई हातमोजे न घालता पिशवीत हात घालतात. मी त्यांना बाटली दाखवली तेव्हा त्यांनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. कुणाच्या तरी घरची सुई लागून तिथे एक काळा ठिपका राहिला होता.